मालदीवला चाललात? व्हिसा मोफत आहे, पण कागद तुम्हालाच तपासायचे आहेत

मालदीवचं नाव काढलं की समोरचा हमखास म्हणतो, ‘तिथे काय, व्हिसा लागतच नाही.’ ते खरंच आहे. पर्यटनासाठी जाणाऱ्या भारतीयाला आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही, मालेच्या वेलाना विमानतळावर उतरल्यावर मोफत प्रवेश मिळतो. इतर देशांच्या पर्यटकांना साधारणपणे ३० दिवसांची मुभा असते, भारतीयांना २०१९ पासून दोन्ही देशांमधल्या करारामुळे ९० दिवसांपर्यंत राहता येतं. तीन-चार रात्रींच्या सुट्टीला ही मुदत भरपूर झाली.

अडचण वेगळीच आहे. युरोपचा किंवा जपानचा व्हिसा काढताना आपली फाइल आधीच कोणीतरी बारकाईने बघतं. तिकीट, हॉटेल, बँकेचं स्टेटमेंट, नावातला फरक, जे काही चुकलं असेल ते महिनाभर आधी घरबसल्या कळतं. मालदीवच्या बाबतीत ही तपासणी आधी होतच नाही. ती थेट मुंबईच्या चेक-इन काउंटरवर होते, ट्रॉलीवर बॅगा आणि मागे रांग असताना, आणि दुसऱ्यांदा मालेच्या इमिग्रेशन काउंटरवर. म्हणून व्हिसा अधिकाऱ्याचं काम तुम्हीच आधी करायचं. ते कसं करायचं, हे क्रमाने सांगतो.

आधी पासपोर्ट काढा आणि उजेडात नीट बघा

मालदीवच्या इमिग्रेशनची अट अशी, की पासपोर्ट मशीनने वाचता येणारा हवा आणि त्याची मुदत किमान एक महिना शिल्लक हवी. तरीही माझा आग्रह सहा महिन्यांचा आहे. वाटेत कोलंबो किंवा दुसरीकडे थांबणार असाल तर त्या देशाची अट वेगळी असू शकते, आणि काउंटरवरचा कर्मचारी सहा महिन्यांवर अडून बसला तर त्या वेळी वाद घालण्यात अर्थ नसतो. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून पासपोर्ट नव्याने काढण्याचा अर्ज करता येतो, म्हणजे घाईची वेळ यायचं कारण नाही.

मुलांचे पासपोर्ट इथे फार दगा देतात. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, लहान मुलांचा पाच वर्षांचा. आईवडिलांचे पासपोर्ट ठणठणीत असतात म्हणून मुलाचाही असेल असं गृहीत धरलं जातं आणि तो नेमका गेल्या दिवाळीत संपलेला निघतो. तिकीट काढायच्या आधी घरातल्या प्रत्येकाच्या पासपोर्टची शेवटची तारीख एका कागदावर लिहून काढा. पाच मिनिटांचं काम आहे.

मुदतीइतकीच पासपोर्टची तब्येत महत्त्वाची. पावसात भिजून फुगलेलं पान, निसटलेली शिवण, फोटोवरचं सुटलेलं प्लास्टिक, मुलाने पेनने मारलेल्या रेघा, यातलं काहीही असेल तर तो खराब झालेला पासपोर्ट धरला जाऊ शकतो. पर्यटनस्थळी हौसेने मिळणारे आठवणीचे शिक्के पासपोर्टवर मारून घेऊ नका.

घरातल्या ज्येष्ठांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारची परवानगी हवी, असा शेरा असला की मुलं घाबरतात. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर हा शेरा असतो. पण तो ठरावीक देशांमध्ये नोकरीसाठी जाणाऱ्यांसाठी आहे. मालदीव त्या देशांच्या यादीत नाही, आणि फिरायला जाणाऱ्याला ती परवानगी काढावीही लागत नाही. आई-आजीला बिनधास्त न्या.

नावाचा घोळ आधी सोडवा

यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण मराठी घरांत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

आपल्याकडे कागदोपत्री कधी आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, तर कधी उलट. आधारवर एक क्रम, पॅनवर दुसरा, बँकेत तिसरा. विमान कंपनीला यातलं काहीही चालत नाही, तिला फक्त पासपोर्ट कळतो. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर अगदी तळाशी इंग्रजी अक्षरं आणि बाणांसारख्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात. मशीन वाचतं त्या याच. पहिल्या ओळीत भारताच्या तीन अक्षरी खुणेनंतर आधी आडनाव येतं, मग दोन बाण, मग तुमचं नाव, मग एक बाण, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. दोन बाणांच्या आधीचं सगळं तिकिटाच्या आडनावाच्या रकान्यात आणि नंतरचं सगळं नावाच्या रकान्यात. वडिलांचं नाव गाळू नका, आडनावाला चिकटवूही नका, आणि स्पेलिंग ‘बरोबर’ करायला जाऊ नका. पासपोर्टवर जोशीमध्ये एक अक्षर जास्त असेल तर तिकिटावरही जास्तच हवं.

काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामाच असतो आणि पूर्ण नाव एकाच ओळीत असतं. अशा वेळी तिकीट काढण्याआधी त्या विमान कंपनीला विचारा की आडनावाच्या जागी काय लिहायचं. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी असते.

नवविवाहितांचा प्रश्न याहून नाजूक. मालदीवला जाणाऱ्यांत मधुचंद्राची जोडपी पुष्कळ. लग्नात नाव बदलायची पद्धत अजून कित्येक घरांत आहे, आडनावच नव्हे तर पहिलं नावसुद्धा. बुकिंग करणारा दीर किंवा नणंद कौतुकाने नवं नाव घालून तिकीट काढते, आणि पासपोर्टवर तर माहेरचं नाव! लग्नाचं प्रमाणपत्र दाखवून विमान कंपनी हे मान्य करेल अशी आशा ठेवू नका. स्पेलिंगमधलं एखादं अक्षर बऱ्याच कंपन्या दुरुस्त करून देतात, पूर्ण नाव बदलून देत नाहीत. तिकिटाचे पैसे जातात ते जातात, ऐन सुट्टीच्या दिवसांत त्याच विमानात दुसरी जागा मिळेलच असंही नाही.

नियम सोपा आहे. हातात जो पासपोर्ट आहे त्यावरचंच नाव तिकिटावर, हॉटेलच्या व्हाउचरवर आणि प्रवासाच्या अर्जावर. पासपोर्टवरचं नाव बदलायचंच असेल तर ते सावकाश, परत आल्यावर करा. लग्नाच्या धावपळीत पासपोर्ट नूतनीकरणाला टाकून पंधरा दिवसांवर विमान ठेवणं म्हणजे दोन्ही घरांची झोप उडवणं.

तिकीट: परतीचं हातात हवंच

मालदीवमध्ये प्रवेशासाठी परतीचं किंवा पुढच्या देशाचं पक्कं तिकीट लागतं. ‘तिथे गेल्यावर बघू’ चालत नाही. मुंबईतसुद्धा एकेरी तिकिटावर बोर्डिंग पास मिळायला अडचण येऊ शकते, कारण प्रवेश नाकारला गेलेल्या प्रवाशाला परत आणायची जबाबदारी विमान कंपनीवर पडते.

परतीऐवजी पुढे श्रीलंकेला जायचा बेत असेल तर श्रीलंकेची ऑनलाइन प्रवास परवानगी आधी काढून ठेवा. स्वस्त म्हणून कोलंबोमार्गे दोन वेगवेगळी तिकिटं काढणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. एकाच बुकिंगमध्ये दोन्ही विमानं असतील तर सामान थेट पुढे जातं आणि तुम्ही विमानतळाच्या आतच थांबता. तिकिटं वेगळी असली की कोलंबोत बाहेर येऊन सामान घ्यावं लागू शकतं. म्हणजे श्रीलंकेत प्रवेश, म्हणजे त्यांची परवानगी.

मालेला किती वाजता उतरायचं हेही तिकीट काढतानाच ठरवा. दूरच्या रिसॉर्टवर सीप्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने जावं लागतं आणि सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतात. साधारण दुपारी साडेतीननंतर उतरलात तर त्या दिवशी सीप्लेन मिळणं कठीण. मग रात्र माले किंवा शेजारच्या हुलहुमालेच्या हॉटेलात, आणि रिसॉर्टवरच्या महागड्या पहिल्या रात्रीचे पैसे पाण्यात. जवळच्या बेटांवर स्पीडबोट जाते, तिथे हा प्रश्न एवढा येत नाही. शुक्रवारी तिथे सुट्टी असते आणि सरकारी फेरीबोट सहसा बंद असते, तेव्हा फेरीने स्वस्तात जायचं असेल तर शुक्रवार टाळा.

घड्याळाचंही एक आहे. मालेची वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. बऱ्याच रिसॉर्टवर मात्र मालेच्या वेळेपेक्षा एक तास पुढचं घड्याळ चालतं, संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून. परतीच्या बोटीची वेळ सांगितली की ती बेटाची की मालेची, हे विचारून घ्याच.

मुक्काम: नोंदणीकृत जागा आणि सगळ्यांची नावं

प्रवेशाची पुढची अट म्हणजे मुक्कामाचं पक्कं बुकिंग. जागा तिथल्या सरकारकडे नोंदलेली हवी, मग ती रिसॉर्ट असो, हॉटेल, गेस्टहाउस किंवा राहायची सोय असलेली सफारी बोट. इंटरनेटवर स्वस्तात दिसलेली एखादी खाजगी खोली नोंदणीकृत आहे की नाही हे कळत नसेल तर ती सोडून द्या.

व्हाउचर हातात आलं की या गोष्टी तपासा: विमानाच्या तारखांशी त्याच्या तारखा जुळतात का, बेटाचं नाव स्पष्ट आहे का, आणि सगळ्या प्रवाशांची नावं आहेत का. बहुतेक वेबसाइटवर एकाच माणसाच्या नावाने खोली दिली जाते, खाली नुसतं ‘दोन मोठे, दोन मुलं’. हॉटेलला मेल टाकून चौघांची नावं घालून घ्या, बहुतेक ठिकाणी लगेच करून देतात. दोन रात्री माफुशीसारख्या स्थानिक बेटावर आणि एक रात्र रिसॉर्टवर, असा बेत हल्ली बरीच मराठी मंडळी करतात आणि खर्चाच्या दृष्टीने तो उत्तम आहे. फक्त दोन्ही ठिकाणचे कागद जवळ ठेवा. मधली एखादी रात्र कागदावर रिकामी दिसता कामा नये.

जागा निवडतानाच एक मोठा फरक समजून घ्या. रिसॉर्टचं बेट हे फक्त रिसॉर्टचंच असतं. स्थानिक बेटांवर मात्र गाव असतं, शाळा-मशीद असते, आणि देशाचा कायदा जसाच्या तसा लागू असतो. तिथे मद्य मिळत नाही, आणि पोहण्याचे तोकडे कपडे पर्यटकांसाठी आखून दिलेल्या किनाऱ्यावरच चालतात. गावातून फिरताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. तिथल्या लोकांचं घर आहे ते, एवढं भान ठेवलं की माणसं फार अगत्याने वागतात.

दाखवलेली किंमत आणि भरायची किंमत

इमिग्रेशन अधिकारी तुमच्याकडे पुरेसे पैसे आहेत का हे विचारू शकतो. पण ‘पुरेसे’ म्हणजे किती, हे आधी तुम्हाला कळायला हवं, आणि मालदीवची दाखवलेली किंमत बऱ्याचदा पूर्ण नसते.

रिसॉर्टच्या दरापुढे अधिकाची दोन चिन्हं असतील, तर त्यावर किमान १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि वर पर्यटनावरचा जीएसटी लागतो. हा जीएसटी १ जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे. म्हणजे २०० डॉलरची खोली आधी २२० होते आणि कर धरून साधारण २५७ डॉलरला पडते.

शिवाय ग्रीन टॅक्स. जानेवारी २०२५ पासून तो दुप्पट झाला: रिसॉर्ट आणि मोठ्या हॉटेलांत माणशी रोज १२ डॉलर, स्थानिक बेटांवरच्या पन्नास किंवा कमी खोल्यांच्या गेस्टहाउसमध्ये ६ डॉलर. दोन वर्षांखालच्या बाळाला माफ, त्यावरच्या प्रत्येक मुलाला पूर्ण. आईवडील आणि शाळेत जाणारी दोन मुलं तीन रात्री रिसॉर्टवर राहिली तर १४४ डॉलर नुसता हाच कर. गेस्टहाउसमध्ये ७२. बुकिंग करताना ‘सगळे कर धरून’ असा पर्याय निवडला तरी ग्रीन टॅक्स कित्येकदा तिथे वेगळा घेतात, तेव्हा विचारा. सीप्लेनचं किंवा स्पीडबोटीचं भाडंही खोलीच्या दरात आहे की नाही हे लेखी घ्या. सीप्लेनचं जाण्यायेण्याचं भाडं माणशी काहीशे डॉलर असतं आणि चौघांचं मिळून ते विमानाच्या तिकिटांच्या बरोबरीला येऊ शकतं.

परत येतानाचा कर मात्र वेगळा भरायचा नसतो. डिसेंबर २०२४ पासून इकॉनॉमीने जाणाऱ्या परदेशी प्रवाशाला निर्गमन कर ५० डॉलर आणि विमानतळ विकास शुल्क ५० डॉलर आहे, पण हे दोन्ही तिकिटातच धरलेले असतात. विमानतळावर कोणी रोख मागितले तर देऊ नका.

पैसे नेताना रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत रोख परकीय चलन नेता येतं, बाकीचं फॉरेक्स कार्डावर. अधिकृत चलन विक्रेत्याकडे पासपोर्ट, पॅन आणि तिकीट लागतं, आणि ५०,००० रुपयांच्या वर चलन घ्यायचं तर पैसे रोखीने देता येत नाहीत. छोट्या सुट्टीला दोन-तीनशे डॉलर सुट्ट्या, स्वच्छ नोटांत, बाकी कार्ड, एवढं पुरतं. फाटक्या, लिहिलेल्या नोटा तिथे घेत नाहीत. स्थानिक चलन रुफिया, अधिकृत दर डॉलरला १५.४२ च्या आसपास. पर्यटकाला डॉलर जवळजवळ सगळीकडे चालतात. आपल्या बँकेच्या क्रेडिट कार्डावर परदेशी व्यवहार सुरू आहेत का, हे ॲपमध्ये निघण्याआधीच बघा. ओटीपी येणारं सिम तिथे चालेल का, तेही.

इमुगा: चार दिवसांच्या आतला अर्ज

बाकी कागद जमले की हा अर्ज राहतो आणि तो विसरला जातो. मालदीवमध्ये जाणाऱ्या आणि तिथून निघणाऱ्या प्रत्येक प्रवाशाने विमानाच्या वेळेआधीच्या ९६ तासांत इमुगा या संकेतस्थळावर प्रवासी घोषणापत्र भरायचं असतं. तान्ह्या बाळाचंही वेगळं. अर्ज पूर्णपणे मोफत आहे.

मोफत हा शब्द ठळकपणे सांगतो, कारण गुगलवर शोधलं की वर जाहिरातीत तशाच नावाची, तशाच रंगांची संकेतस्थळं येतात आणि माणशी काही डॉलर ‘प्रक्रिया शुल्क’ मागतात. खऱ्या संकेतस्थळाचा पत्ता इमिग्रेशन डॉट जीओव्ही डॉट एमव्ही असा संपतो. कार्डाचा नंबर मागणारं पान आलं की समजा, चुकीच्या जागी आलात, आणि बाहेर पडा.

बसण्याआधी समोर ठेवा: पासपोर्टचा स्पष्ट फोटो, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा चेहऱ्याचा फोटो, तिकीट, हॉटेलचं व्हाउचर. मोबाइलवरून भरता येतो. नाव त्या तळाच्या दोन ओळींप्रमाणेच. पासपोर्ट क्रमांकात इंग्रजी ओ आणि शून्य यांची गल्लत होते, ती दोनदा तपासा. विमान क्रमांक टाकताना मालेला उतरणाऱ्या विमानाचा टाका, वाटेत बदलणार असाल तर पहिल्या विमानाचा नव्हे. दोन ठिकाणी राहणार असाल तर पहिलं ठिकाण आधी. अर्ज झाला की क्यूआर कोड मिळतो. त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि एकेक प्रत कागदावर छापा, कारण विमानतळावर नेट नेमकं रेंगाळतं आणि घरातल्या चौघांचे कोड एकाच फोनमध्ये असले की त्या फोनची बॅटरी हा सगळ्यांचा पासपोर्ट होऊन बसतो.

छोट्या सुट्टीला या ९६ तासांचा एक फायदा आहे. समजा तुमचं विमान शुक्रवारी सकाळी आहे आणि परतीचं सोमवारी संध्याकाळी सहाचं. परतीच्या अर्जाची मुदत गुरुवारी संध्याकाळी सहाला सुरू होते. म्हणजे गुरुवारी रात्री बॅगा भरतानाच जाण्याचा आणि येण्याचा, दोन्ही अर्ज घरच्या वायफायवर उरकतात. सुट्टी याहून लांब असेल तर परतीचा अर्ज तिथून भरायचा. हॉटेलवाले मदत करतात, पण तारीख तुमच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये असू द्या.

बॅगेत काय नको

मालदीवचे कस्टमचे नियम कडक आहेत आणि ते उतरल्यावर लगेच लागू होतात. मालेच्या विमानतळावर बाहेर पडताना सगळं सामान स्कॅनरमधून जातं.

मद्य आणायला बंदी आहे. मुंबईच्या ड्यूटी फ्रीमधली सीलबंद बाटलीसुद्धा ते जमा करून घेतात. डुकराच्या मांसाचे पदार्थ नकोत. अमली पदार्थांचे कायदे अतिशय कठोर आहेत. झोपेच्या, चिंतेवरच्या किंवा तीव्र वेदनांवरच्या गोळ्या चालू असतील तर त्या मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी प्रिस्क्रिप्शनसह हातातल्या बॅगेत ठेवा, सुट्टीला लागतील तेवढ्याच. आईच्या रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या डबीत काढून नेण्याची सवय असते, ती या वेळी बाजूला ठेवा.

पूजेच्या मूर्ती नेण्यास बंदी आहे. हे आपल्या माणसांना खरंच माहीत नसतं. प्रवासाला निघताना आजी नातवाच्या बॅगेत छोटा पितळी गणपती टाकते, त्यामागे माया असते. पण तो बाहेर काढून कस्टमच्या टेबलावर ठेवायची वेळ आली तर मनाला फार लागतं. मूर्ती घरच्या देव्हाऱ्यातच राहू द्या.

ई-सिगारेट म्हणजेच व्हेप आपल्याकडे २०१९ पासून बंद आहे, मालदीवनेही २०२४ च्या अखेरीस तिच्यावर बंदी घातली. शिवाय नोव्हेंबर २०२५ पासून १ जानेवारी २००७ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तिथे तंबाखू विकत घेता येत नाही की वापरता येत नाही, आणि हे पर्यटकांनाही लागू आहे. कॉलेजातली मुलं बरोबर असतील तर आधी स्पष्ट बोला. ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही, सोबत न नेलेला बरा.

सीप्लेन असेल तर सामानाचं वजनही मोजा. मोठी बॅग साधारण २० किलो आणि हातातली ५ किलो एवढीच मुभा असते, वरच्या किलोंना पैसे पडतात.

मुंबई आणि माले, दोन काउंटर

एका पारदर्शक फोल्डरमध्ये माणशी एक संच करा: पासपोर्ट, जाण्यायेण्याचं तिकीट, व्हाउचर, इमुगाचा कोड. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स दुसऱ्या बॅगेत आणि एक प्रत मेलवर. पासपोर्ट हरवलाच तर तिथल्या पोलिसांकडे तक्रार नोंदवून मालेमधल्या भारतीय उच्चायोगात जावं लागतं, आणि ही झेरॉक्स तिथे फार उपयोगी पडते.

मुंबईत टर्मिनल दोनला तीन तास आधी पोचा. आपल्या इमिग्रेशनला ‘कुठे, कशासाठी, किती दिवस’ एवढंच विचारतात. मालेत रांग झपाट्याने पुढे सरकते. फोल्डर पुढे करा, विचारलं तेवढंच सांगा: सुट्टी, अमुक रात्री, अमुक बेट. तिथे ऑनलाइन काम करणार वगैरे उत्साहाने सांगू नका, कारण पर्यटक म्हणून मिळणाऱ्या प्रवेशावर तिथे नोकरी-धंदा करता येत नाही. शिक्का मिळाला की त्यावरची तारीख तिथल्या तिथे वाचा. शंका असेल तर काउंटर सोडण्याआधी विचारा.

काही घरांसाठी वेगळं

एकटी आई किंवा एकटे बाबा मुलांना घेऊन जात असतील, किंवा आजी-आजोबा नातवंडांना, तर दुसऱ्या पालकाचं इंग्रजीतलं संमतीपत्र आणि मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत सोबत ठेवा. कोणी मागेलच असं नाही, पण मागितलं तर त्याला पर्याय नसतो. आईचं आडनाव मुलापेक्षा वेगळं असेल तर हे नक्की करा.

हल्ली एक छान प्रथा दिसते. अमेरिकेतली किंवा युरोपातली मुलं आणि पुण्या-नाशिकचे आईवडील मालदीवमध्ये भेटतात. तिथे लक्षात ठेवायचं की परदेशी पासपोर्ट असलेल्या मुला-नातवंडांना ३० दिवसांची मुभा आहे, भारतीयांची ९० ची नाही. आणि तिथून ते पुढे भारतात येणार असतील तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) किंवा भारताचा व्हिसा बरोबर हवा. यातलं काहीच जवळ नसेल तर मालेहून मुंबईचं विमान गाठता येणार नाही.

पिवळ्या तापाचा प्रादुर्भाव असलेल्या आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या देशांतून थेट मालदीवला येणाऱ्याला लसीचं प्रमाणपत्र लागतं. केनिया, युगांडातल्या मराठी कुटुंबांनी हे विसरू नये. भारतातून जाणाऱ्याला ते लागत नाही.

परत निघताना

शेवटच्या दिवशी स्कुबा डायव्हिंग ठेवू नका. डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी साधारण २४ तास जाऊ द्यायचे असतात, आणि सीप्लेन हेही विमानच आहे. हवं तर त्या दिवशी स्नॉर्केलिंग करा, त्याला ही अडचण नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री मुलांचे खिसे आणि वाळूच्या बादल्या रिकाम्या करा. प्रवाळाचे तुकडे, वाळू, शिंपले बेटावरून उचलून नेणं तिथे बेकायदा आहे आणि ते विमानतळावरच्या स्कॅनरमध्ये दिसतात. ती बेटं प्रवाळावरच उभी आहेत, तेव्हा या नियमाचा मान मनापासून ठेवावा. कासवाच्या पाठीच्या वस्तू विकायला आल्या तर घेऊ नका.

परतीच्या इमुगाचा कोड तयार आहे का, हॉटेलच्या बिलात ग्रीन टॅक्स दोनदा तर लागला नाही ना, हे बघा. बिलाची प्रत घ्या. येताना जमा केलेल्या सामानाची पावती असेल तर ते सोडवायला विमानतळावर थोडा जास्त वेळ ठेवा.

घरी आल्यावर दोन कामं राहतात. उरलेले डॉलर १८० दिवसांत बँकेत किंवा विक्रेत्याकडे परत करा, २,००० डॉलरपर्यंत पुढच्या प्रवासासाठी ठेवता येतात. आणि टूर कंपनीकडून पॅकेज घेतलं असेल तर त्यावर कापलेला टीसीएस, म्हणजे कंपनीने सरकारसाठी आगाऊ गोळा केलेला कर, ज्याच्या पॅनवर गेला, त्याने तो प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावरच्या आपल्या कर-विवरणात (२६एएस) दिसतो का ते तपासावं. दिसत नसेल तर कंपनीकडे लगेच पाठपुरावा करा, कारण ती रक्कम रिटर्न भरताना तुमच्या करात वळती करता येते आणि नोंदच नसेल तर मिळत नाही.